नकलेच्या पाठीवरच्या तारखा

निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल हातात आली की भाऊसाहेब ती आधी उलटी करतात. निकाल काय लागला, खर्च कोणावर बसला, हे सगळे नंतर. आधी शेवटच्या पानामागचा शिक्का. नकलेसाठी अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली आणि पक्षकाराच्या हाती कधी पडली, या तीन तारखा तिथे असतात. उच्च न्यायालयात दिवाणी अपिलाला नव्वद दिवस मिळतात आणि नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतो. ही वजाबाकी ते बोटांवर करतात, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडताळतात आणि त्यानंतरच पहिले पान उघडतात.

नव्वदच्या दशकात ते गंगापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून शहरात आले. टायपिंगच्या परीक्षा झालेल्या होत्या, मराठी तीस, इंग्रजी चाळीस. तेवढ्या भांडवलावर एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि तेव्हापासून जालना रोडवरचे मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ हेच त्यांचे शिवार झाले. ज्युनिअर वकील आले, शिकले, स्वतःची ऑफिसे थाटून गेले. भाऊसाहेब फायलिंगलाच राहिले. अपिलाचे मुद्दे वकील लिहितो, पण ते अपील दप्तरात रुजू होऊन त्याला नंबर पडेपर्यंतची वाट कारकुनाच्या पायाखालची असते. त्या वाटेवरचे नियम त्यांच्या डोळ्यांदेखत कितीदा तरी बदलले. दर बदलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला: हा कागद आता आणायचा कोणी, आणि कुठून?

‘कुठून’ हा शब्द इथे फार मोठा आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे, शिवाय अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार, अशा बारा जिल्ह्यांची अपिले या खंडपीठात येतात. किनवटचा पक्षकार रात्री नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये बसतो. अक्कलकुव्याचा माणूस नंदुरबार, धुळे, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढून येतो. उदगीरकर, उमरगेकर एसटीने पहाटे सिडको बसस्टँडवर उतरतात आणि कोर्ट उघडेपर्यंत तिथेच चहावर वेळ काढतात. आक्षेपांच्या यादीत ‘एक कागद कमी’ असे लिहायला अर्धी ओळ पुरते. तो कागद आणायला या माणसांचे दोन दिवस आणि दोन रोजगार जातात.

त्यांनी काम सुरू केले तेव्हा ऑफिसात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न होता, “हुकूमनामा निघाला का?” न्यायाधीश निकालपत्र देतात, त्यात कारणे असतात. त्यावरून नंतर हुकूमनामा तयार होतो, त्यात कोणाला काय मिळाले एवढेच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १ प्रमाणे अपिलासोबत हुकूमनाम्याची नक्कल लागायचीच. निकालपत्राची नक्कल अपिली न्यायालय प्रसंगी माफ करू शके, हुकूमनाम्याची नाही. साध्या पैशाच्या दाव्यात तो लवकर निघायचा. पण वाटपाच्या दाव्यात गट नंबर, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा, आंब्याच्या झाडांची संख्या असे सगळे त्यात उतरवायचे असे. वादी-प्रतिवादींची नावेच दोन पाने भरत. कारकून एक, कामे शंभर. तोवर जिंकलेला भाऊबंद ताबा मागायला बांधावर उभा राहिलेला असे.

हरलेल्या माणसाला हे समजावणे अवघड होते. “निकाल तर लागला न साहेब, मंग अपील कामून नाही?” या प्रश्नाला द्यायला भाऊसाहेबांकडे कायद्याचे उत्तर होते, पण समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ते देणे जिवावर येई. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच, जगत धीश भार्गव यांच्या प्रकरणात, हुकूमनामा काढायला कार्यालयाने उशीर केला तर त्याची शिक्षा पक्षकाराला होता कामा नये, असे सांगितलेले होते. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेतही काही सोय झाली. तरी तपासनिसाच्या टेबलावर हुकूमनाम्याची नक्कल नसली की पेन अडायचेच.

१ जुलै २००२ पासून हे बदलले. संहितेतल्या दुरुस्त्या त्या दिवशी अमलात आल्या आणि आदेश ४१, नियम १ मध्ये अपिलासोबत निकालपत्राची नक्कल पुरेशी ठरली. त्याच दुरुस्त्यांमध्ये पंचवीस हजार रुपयांपर्यंतच्या वसुलीच्या दाव्यात दुसरे अपील बंद झाले आणि एकल न्यायाधीशाने अपिलात दिलेल्या निकालावर त्याच न्यायालयात पुन्हा अपील करण्याची वाटही मिटली. वकीलवर्गात चर्चा झाली ती या बंद झालेल्या वाटांची. भाऊसाहेबांच्या लेखी मात्र त्या वर्षीची मोठी गोष्ट हुकूमनाम्याची होती. एक कागद कमी झाला आणि तालुक्याच्या कोर्टाकडची हजारो माणसांची एक एक खेप वाचली. नियमाच्या चार शब्दांत एवढे बळ असते, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

अपील कोणत्या गावी दाखल करायचे, हाही शेवटी दाखलीचाच नियम. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे अपील हैदराबादला जाई. राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबईला जाऊ लागले. त्या काळातले म्हातारे कारकून भाऊसाहेबांना भेटलेले आहेत. मीटरगेजच्या गाडीने मनमाडला जायचे, तिथे गाडी बदलायची, मुंबईत धर्मशाळेत उतरायचे, आणि एखाद्या पानावर पक्षकाराचा अंगठा राहिला म्हणून सगळी पुडकी परत घेऊन यायचे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खालचा हा आदेश होता. त्याला आव्हान दिले गेले, ते नारायण शामराव पुराणिक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९८२ मध्ये तो आदेश वैध ठरला. २७ ऑगस्ट १९८४ पासून खंडपीठ कायम झाले. मराठवाड्यातल्या लोकांनी यासाठी वर्षानुवर्षे मागण्या केल्या, मोर्चे काढले. ते वकिलांसाठी होते असे काही जण म्हणतात. भाऊसाहेबांना हे अजिबात पटत नाही. मनमाडला गाडी बदलण्याचा त्रास पक्षकाराचाच होता, वकिलाला तर त्याचे भाडे मिळत होते.

खंडपीठ जवळ आले, तरी फायलिंगची खिडकी आहे तिथेच आहे. कागद स्वीकारले की आधी ‘स्टॅम्प नंबर’ पडतो. तो अपिलाचा पक्का नंबर नव्हे. मग तपासणी होते आणि ऑब्जेक्शन निघतात. पान अमुक पुसट आहे, टाइप केलेली प्रत द्या. प्रतिवादी क्रमांक तमुक याचा पत्ता अपुरा. वकालतनाम्यावर ओळख पटवणाऱ्याची सही नाही. कोर्ट फी कमी. विलंब माफीचा अर्ज आहे, पण दिवस मोजलेले नाहीत. मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर नाही. यातले जवळजवळ सगळे आक्षेप रास्त असतात. पुसट पान न्यायमूर्तींनी वाचायचे कसे, आणि पत्ता नसेल तर नोटीस जायची कुठे? भाऊसाहेबांना आक्षेपांचा राग नाही. त्यांना भीती आहे ती अटीच्या आदेशाची: अमुक आठवड्यांत आक्षेप दूर करा, नाहीतर अपील न्यायालयापुढे न येताच फेटाळलेले समजले जाईल. ती मुदत हुकली की पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा फी.

या बाबतीत त्यांच्या ऑफिसातल्या ज्येष्ठांनी नव्या ज्युनिअरना दोन निकाल नेहमी वाचायला लावले. पहिला १९७५ चा, पंजाब राज्य विरुद्ध शामलाल मुरारी. पंजाब-हरियाणाच्या उच्च न्यायालयात अपिलासोबत तीन संच देण्याचा नियम होता, ते पूर्ण दिले नव्हते म्हणून अपील गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते परत आणले आणि कार्यपद्धती ही न्यायाची सेविका आहे, धनीण नव्हे, या अर्थाचे विवेचन केले. दुसरा २००५ चा, उदयशंकर त्रियार यांचा. अपील दाखल करणाऱ्या वकिलाचा वकालतनामाच लावलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यानेच तसे फर्मावलेले नसेल तर दुरुस्त होण्याजोग्या त्रुटीसाठी अपील आपोआप मरू नये. आधी दोष दाखवावा, सुधारण्याची संधी द्यावी. हे निकाल काही इथल्या मातीतले नाहीत, पण इथल्या खिडकीवर ते रोज उपयोगी पडतात.

पत्ते आणि वारस ही या कामातली सगळ्यांत थकवणारी बाजू. वाटपाच्या दुसऱ्या अपिलात तीस-चाळीस प्रतिवादी सहज असतात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, केंद्राने २००५ मध्ये. म्हणून लेकी-बहिणींची नावे दाव्यांत आली, आणि ही चांगली गोष्ट झाली. पण लेकी दिल्या घरी गेलेल्या. एक परळीला, एक शेवगावला, एक सुरतेला कारखान्यात. अपील प्रलंबित असताना त्यांतले कोणी वारले की नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे. ते चुकले तर त्या व्यक्तीपुरते अपील संपते आणि ते पुन्हा उभे करायला पुढचे साठ दिवस मिळतात. मृत्यूची बातमी वकिलापर्यंत पोहोचते कशी? पुष्कळदा नोटीस ‘इसम मयत’ असा शेरा घेऊन परत येते तेव्हा. मग भाऊसाहेब गावाकडे फोन लावतात आणि पक्षकाराला म्हणतात, “आबा, दहाव्याला जे जे आले होते त्यांची नावं लिहून आणा, वयासकट.” वारसांची यादी करण्याचा याहून खात्रीचा मार्ग त्यांना अजून सापडलेला नाही.

पण मराठवाड्याच्या अपिलांचा खरा गुंता भाषेचा आहे आणि तो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही.

निजामाच्या राज्यात दरबारी कारभार उर्दूत चाले. इनामाचे मुंतखब, कौल, महसुली अहवाल, जुन्या अदालतींचे फैसले, सगळे उर्दूत, काही त्याहून जुने फारसीत. गावपातळीवरचे खत, गहाणखत, वाटणीपत्र मोडीत. १९५४-५५ चे खासरा पत्रक तर इथल्या प्रत्येक जमिनीच्या भांडणात लागतेच, आणि त्याच्या मागेपुढे पहाणी पत्रके. वतन-इनामाची, मंदिर-मशिदीच्या जमिनीची, किंवा १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याची लढाई असेल तर पुरावा तीन लिप्यांत पसरलेला असतो. खालच्या न्यायालयांची भाषा २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली. साक्षी मराठीत, निकाल मराठीत, आणि हे योग्यच झाले, कारण ज्याचा दावा त्याला तो वाचता आला पाहिजे. उच्च न्यायालयाची भाषा मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारच्या उच्च न्यायालयांत हिंदीला परवानगी मिळालेली आहे, मराठीला इथे ती नाही. त्यामुळे वैजापूरच्या शेतकऱ्याने वैजापुरात मराठीत दिलेली साक्ष जालना रोडवर पोहोचताना इंग्रजी व्हावी लागते आणि त्याचा खर्च तोच करतो.

मराठीचे इंग्रजी करणारे पुष्कळ मिळतात. मोडी वाचणारेही पुराभिलेखागाराच्या वर्गांमुळे थोडे वाढले आहेत. पण शिकस्ता वळणाचे उर्दू वाचून त्यातले महसुली शब्द नीट उलगडणारी माणसे शहरात बोटांवर मोजण्याइतकी राहिली. भाऊसाहेब ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे जात, ते निवृत्त शिक्षक जुन्या शहरात राहत. पान हातात धरून ते आधी मोठ्याने वाचत, मग थांबून विचारत, ही जमीन नदीकाठची आहे का? कारण कागदातला एक शब्द नदीने खचवलेल्या जमिनीबद्दल असे, आणि तो चुकला तर क्षेत्रच चुकले. भाषांतरासाठी गेलेला माणूस तिथून आपल्या जमिनीचा इतिहास ऐकून परत येई. अशा भाषांतरकारांना न्यायालयाने स्वतःच्या यादीवर घेतले पाहिजे, असे भाऊसाहेब तेव्हापासून म्हणत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सुवास’ ही भाषांतराची प्रणाली आणली. तिच्यामुळे निकाल मराठीत वाचायला मिळू लागले आहेत, त्याचे त्यांना मनापासून अप्रूप आहे. निकाल खाली येताना मराठी होतो. पुरावा वर जाताना इंग्रजी करण्याचा भार अजून पक्षकाराच्याच डोक्यावर आहे.

कागदाचा आकार बदलला ते प्रकरण त्यामानाने लवकर मिटले. लांब लीगल कागद, एकाच बाजूला टंकलेखन, डावीकडे रुंद समास, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०२० च्या परिपत्रकाने ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंची छपाई आणली. कागद किमान पंच्याहत्तर जीएसएम, अक्षर चौदा पॉइंट, ओळींत दीड अंतर. त्याच मागणीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयातही झाली आणि इथेही ए-फोरला जागा मिळाली. झेरॉक्सवाल्यांना थोडे दिवस जड गेले. पक्षकाराचे बिल उतरले आणि गठ्ठा पाठीवर वाहणाऱ्याचे ओझेही.

मग टाळेबंदी आली. नकलेच्या पाठीवरच्या तारखांचा अर्थच काही काळ थांबला. २३ मार्च २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने मुदती १५ मार्चपासून थोपवल्या, आणि १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मोजणीतून वगळला. त्या काळात ज्यांची मुदत संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून नव्वद दिवस. हा एक नियम असा होता की त्याने कोणाकडूनही एक कागदसुद्धा मागितला नाही. करोनात कर्ता माणूस गेलेली किती घरे त्या नव्वद दिवसांत ऑफिसात आली! बाई पुढे बसलेली, पिशवीत नवऱ्याची फाइल, आणि तोंडी एकच वाक्य, “आता उशीर झाला असंल न भाऊसाहेब?” नाही झाला, असे तिला ठामपणे सांगता येणे ही त्यांच्या नोकरीतली फार मोलाची गोष्ट होती.

टाळेबंदीनेच ई-फायलिंगलाही वेग दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने सरकारी प्रकरणे १ जानेवारी २०२२ पासून ऑनलाइनच दाखल व्हावीत, असे उच्च न्यायालयांना कळवले. पुढे ती सक्ती इतर प्रकरणांकडे आणि खालच्या न्यायालयांकडे वळू लागली तसा महाराष्ट्रभरच्या वकील संघांनी विरोध केला. तालुक्याला वीज टिकत नाही, इंटरनेट रांगते, स्कॅनर नाही, ही तक्रार खोटी नव्हती. भाऊसाहेबांनी वयाच्या पन्नाशीनंतर पीडीएफ जोडायला, त्यात बुकमार्क टाकायला, अक्षरे शोधता येतील अशी करून घ्यायला शिकून घेतले. ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीने शिकवले. तिला ते ताई म्हणतात, वयाने ती त्यांच्या मुलीएवढी असली तरी. डिजिटल सहीचे टोकन वकीलसाहेबांच्या खिशात आणि ओटीपी पक्षकाराच्या फोनवर, तो फोन नातवाने शेतात नेलेला, अशा दुपारीही त्यांनी काढल्या. सुरुवातीला ऑनलाइन दाखल करून पुन्हा कागदी संचही द्यावा लागे. काम हलके व्हायच्या ऐवजी दुप्पट झाले.

तरीही त्यांचे मत ई-फायलिंगच्या बाजूचे आहे, आणि ते हातचे राखून बोलत नाहीत. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर नंबर आला त्या दिवसापासून धडगावचा माणूस फोनवर आपली तारीख पाहू लागला. पूर्वी ‘बोर्डावर आहे का’ एवढे विचारायला लोक मुक्कामी येत. ई-सेवा केंद्रात बसलेला कर्मचारी मनापासून मदत करणारा असेल तर वकील न परवडणारा माणूसही अर्ज चढवू शकतो. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्राने वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा आहे.

हा प्रश्न सगळ्यांत टोकदार होतो तो भूसंपादनाच्या अपिलांत. जायकवाडीच्या नाथसागरापासून ते गावोगावच्या पाझर तलावांपर्यंत मराठवाड्याने पाण्यासाठी जमीन दिली. शास्त्रीजींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या धरणाने पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा भागातली गावे उठली. भाऊसाहेबांच्या आजोळची शिवारेही त्यांत गेली. मोबदला वाढवून मिळाला की सरकारी यंत्रणेचे पहिले अपील येते, आणि पुष्कळदा उशिरा, विलंब माफीच्या अर्जासह. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे, तिथून विधी विभागाकडे, तिथून सरकारी वकिलांकडे, असा तो प्रवास अर्जात तारखांनिशी मांडलेला असतो. विलंबाकडे उदारपणे पाहावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातीजी प्रकरणात सांगितले, आणि ते प्रकरण भूसंपादनाचेच होते. पुढे २०१२ मध्ये लिव्हिंग मीडिया प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले की सरकारी खाते म्हणून मुदतीचा वेगळा कायदा नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर अपिलाला साठ दिवस आणि फार तर आणखी साठ, अशी रेघच ओढली. ती रेघ भाऊसाहेबांना फार आवडते. जमीन गेलेल्या माणसाने एक कागद कमी दिला तर त्याला आठवडे मोजून मिळतात; जमीन घेणाऱ्यालाही दिवस मोजूनच मिळाले पाहिजेत.

पैशांचे नियमही असेच दोन धारांचे. २०१८ च्या जानेवारीपासून कोर्ट फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. मोठ्या मोबदल्याच्या वा मालमत्तेच्या अपिलात हा आकडा माणसाला दारातच थांबवतो. दुसरीकडे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महिलांना पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या वादांत फी माफ आहे, हे कित्येक बायकांना आजही कोणी सांगितलेले नसते. भाऊसाहेब सांगतात. मोटार अपघाताच्या निवाड्यांत १ एप्रिल २०२२ पासून एक लाखाखालच्या वादाला अपीलच नाही. पूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. यामुळे लहान निवाडा विमा कंपनीने खेचत नेण्याचे थांबले, आणि ज्या जखमी मजुराला कमी पैसे मिळाले त्याची वाटही त्याच ओळीने बंद झाली.

गेल्या काही वर्षांत तर खाली मजकूर तोच, वरची पाटी बदलली असेही झाले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. शिक्षेविरुद्धच्या अपिलाचे कलम ३७४ होते ते ४१५ झाले, शिक्षा स्थगितीचे ३८९ चे ४३०. जिल्ह्यांची नावे बदलली, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. जुन्या निकालपत्रात एक नाव, नव्या आधार कार्डावर दुसरे, पत्ता मात्र तोच, अशी जोडणी करताना पक्षकार गोंधळतो. न्यायपीठाच्या मथळ्यात औरंगाबाद कायम आहे आणि निकालांवर २०२३ पासून जो तटस्थ संदर्भ क्रमांक पडतो त्यातही ‘एयूजी’ ही अक्षरे आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले, कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. आधार तेच कलम ५१(३), जे १९८१ मध्ये औरंगाबादला लागू झाले होते. तिकडच्या एका कारकुनाचा ओळखीतून फोन आला. विलंब माफीच्या अर्जात दिवसांचा तक्ता तुम्ही कसा देता, एवढेच विचारायचे होते. बोलणे लांबले. भाऊसाहेबांनी तक्ता पाठवला आणि सोबत सुचवले की तुमच्याकडे संस्थानी कागद असतील, करवीरचे, सांगलीचे, मोडीतले. वाचणारी माणसे आहेत तोवर त्यांची यादी करून ती कोर्टाकडे द्या.

केंद्र सरकारने १३ सप्टेंबर २०२३ रोजी ई-कोर्ट्‌सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले दोन हजार कोटींहून अधिक जुनी-नवी दप्तरे स्कॅन करून जपण्यासाठी आहेत. भाऊसाहेबांचे सगळे म्हणणे आता या एका कामापाशी येते. खालच्या न्यायालयाचे रेकॉर्ड अपिलात नाहीतरी मागवले जातेच. त्यात ती साक्ष असते, ते खासरा पत्रक असते, तो मुंतखबही असतो. मग त्याच कागदांच्या नकला पक्षकाराने पुन्हा काढायच्या, पुसट पाने पुन्हा टाइप करायची, संच पुन्हा शिवायचे, हे कशासाठी? रेकॉर्ड स्कॅन झाले असेल तर अपिलासोबत फक्त मेमो, निकालपत्र आणि वकालतनामा घ्यावा. बाकीचे न्यायालयाने आपल्याच दप्तरातून उचलावे. उर्दू-मोडीसाठी खंडपीठाने भाषांतरकारांची यादी ठेवावी आणि त्यांचे मानधन निधीतून द्यावे. पक्षकाराकडून ते नंतर खर्चात धरता येईल, आधी नको. त्यांनी हे दोन पानांत टाइप करून वकील संघाच्या पदाधिकाऱ्यांकडे दिले आहे. भोकरकडच्या एका विधवेच्या दुसऱ्या अपिलाचा दाखला त्यात नाव न घेता जोडला आहे: अपिलाचा मेमो तीन पानांचा, आणि तो नोंदवून घेण्यासाठी तिला भरावे लागलेले भाषांतराचे, टायपिंगचे आणि झेरॉक्सचे बिल त्या वर्षीच्या तिच्या सोयाबीनच्या पट्टीपेक्षा मोठे.